पोह्यासोबत चढ

करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा

चि. बाळ,

आमच्याकडे डोंगरच नाहीत, असे तू पुण्याच्या मैत्रिणींना सांगतेस, हे पत्रात वाचून वाईट वाटले. सह्याद्रीतले किल्ले तू पायी हिंडतेस याचा मला अभिमानच आहे. 1646 मीटरच्या कळसूबाईवर उभे राहून आल्यावर आपला धानाचा मुलूख सपाट दिसणारच. पण वैनगंगा ओलांडून तुमसरच्या पुढे गेलीस की सातपुड्याच्या टेकड्या लागतात. गायमुखची शिवरात्रीची यात्रा तिथेच भरते, आणि अंबागडही तिथेच. देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या राजवटीत, 1700 च्या सुमारास, राजा खान पठाणाने हा गड बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला.

उंचीने हे डोंगर लहान आहेत, पण त्यांचा चढ वेगळा आहे. राजगडाचा बालेकिल्ला खालूनच दिसतो आणि तू त्याच्याकडे बघत चढतेस. आपल्या जंगलात माथा शेवटपर्यंत झाडांआड असतो. किती चढलो ते झाडांवरून ओळखायचे. पायथ्याला मोह आणि तेंदू, मग साग, येन, बिजा. पातळ मातीच्या खडकाळ धारेवर पांढुरक्या सालीची सालई दिसू लागली की समजायचे, आता थोडेच राहिले. हे मला माझ्या वडिलांनी शिकवले. त्यांच्या काळी कुणी ट्रेकिंग म्हणत नसे. ते महादेवाला जात.

महादेवाला जाणे म्हणजे पचमढीजवळच्या चौरागडावर जाणे. सातपुड्यातले सर्वांत उंच शिखर, सुमारे 1350 मीटरचे धूपगड, त्याच परिसरात आहे. विदर्भातून यात्रेकरूंचे जथे, म्हणजे पोहे, पिढ्यान् पिढ्या तिकडे निघतात. नवस फेडायचा असेल तर खांद्यावर त्रिशूळ असतो. जुन्नारदेवजवळच्या ‘पहिली पायरी’ या ठिकाणापासून भुराभगतावरून जाणारी जुनी पायवाट आहे, आणि अखेरीस तेराशेच्या आसपास पायऱ्या. वर मंदिराभोवती त्रिशुळांचे ढीगच्या ढीग आहेत. एकेक त्रिशूळ कुणीतरी तो चढ चढून वर नेलेला आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावर लिहिलेले पुस्तक 1871 साली निघाले. त्यातही या महादेवाच्या यात्रेचे वर्णन आहे.

मला तुला सांगायचे आहे ते या पोह्याच्या चालीबद्दल. महाशिवरात्रीचा मुहूर्त बघ. खरिपाच्या धानाची मळणी आटोपलेली असते. सागाची पाने गळून जंगल मोकळे झालेले असते, त्यामुळे वाट लांबवर दिसते. ऊन अजून सोसण्याजोगे असते, आणि मोह टपकायला लागलेला नसतो. मोह पडू लागला की त्याच्यासाठी पहाटेपासून अस्वले झाडांखाली येतात. तेव्हा त्या वाटेला न गेलेले बरे. अस्वल अचानक समोरासमोर आले की अंगावर धावते, पण माणसांचा गलका लांबून आला तर बहुधा वाट सोडून जाते. वळणावळणावर ‘हर हर महादेव’चा गजर होतो, तो भक्तीचा आहेच, आणि त्याने पुढची वाटही मोकळी होते. म्हाताऱ्यांच्या चालीने सगळा पोहा चालतो, कुणी मागे सुटत नाही. जंगलाचा डोंगर चढायची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. तुमच्या ग्रुपमध्ये कोण आधी वर पोचला याचे फोटो निघतात. पोह्यात तो प्रश्नच कुणी विचारत नाही.

यात्रेचा असाच आणखी एक डोंगर म्हणजे गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातला कचारगड. तिथल्या डोंगरातल्या मोठ्या नैसर्गिक गुहेकडे माघ पौर्णिमेला गोंड बांधव अनेक राज्यांतून येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या पूर्वजांना याच गुहेतून सोडवले, अशी त्यांची श्रद्धा आहे. तो डोंगर त्यांच्या पूर्वजांचा आहे, म्हणून तिथे पाहुण्यासारखे जायचे आणि ते सांगतील त्या वाटेने चढायचे.

आपल्या शेजारचे कोका अभयारण्य 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे पायी हिंडायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिथल्या टेकड्या गाडीतूनच बघायच्या. ते माथे वाघ-बिबट्यांना राहू द्यावेत.

तू येत्या शिवरात्रीला ये. भंडारा रोडला उतर, मी घ्यायला येतो. आधी अंबागड चढू, म्हणजे पायांना या मातीची सवय होईल, मग आपल्या गावच्या पोह्यासोबत चौरागडाला निघू. पाण्याची बाटली आणशील ती परतही आण. वाळल्या पाचोळ्यात काडी ओढू नकोस आणि दुसऱ्यालाही ओढू देऊ नकोस; एका काडीने टेकडीच्या टेकडी वणव्यात जाते. मैत्रिणींनाही घेऊन ये. त्यांनी आपले डोंगर पाहावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

तुझा,
मामा