टोनचं बटण डावीकडे

साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय मराठी घरांत वाढलेल्या आम्हा मंडळींचे कान दोन आवाजांवर पोसले गेले. एक गल्लीतला, लग्नाच्या मांडवावर नाहीतर गणपतीत खांबाला बांधलेल्या कर्ण्याचा. दुसरा घरातला, भिंतीवरच्या फळीवर ठेवलेल्या लाकडी रेडिओचा. गाणं पुष्कळदा तेच असायचं. पण कर्ण्यावर लागलं की आजी खिडकी लोटून घ्यायची आणि रेडिओवर लागलं की निवडायच्या तांदळाचं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसायची. फरक नुसता मोठ्या-लहान आवाजाचा नव्हता. कर्ण्यातून खर्ज जवळजवळ निघतच नाही. जे निघतं ते सेकंदाला दोन ते पाच हजार कंपनांच्या टापूत दाटून येतं, आणि माणसाचा कान सगळ्यांत हळवा असतो तो नेमका तिथे. भांड्यावर भांडं आपटलं की आपण दचकतो तेही काही अंशी त्यामुळेच.

रेडिओचं सगळं उलट. मर्फी, बुश, फिलिप्स, ज्याच्या घरी जो असेल तो. मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता आणि जाहिरातीतलं ते तोंडाशी बोट धरलेलं बाळ आमच्यापैकी प्रत्येकाला कुणीतरी चिकटवलेलं असायचं: ‘अगदी मर्फीचं बाळ!’ वर क्रोशाचा विणलेला रुमाल, छताशी ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल, कपाटात पोस्टातून शिक्के मारून आणलेलं लायसनचं पुस्तक. व्हॉल्व्हचा रेडिओ लावल्या लावल्या बोलत नसे. आधी दिवा लागायचा, मग आतल्या नळ्या तापायच्या, मग कुठूनतरी लांबून निवेदिका चालत यावी तसा आवाज जवळ यायचा.

आणि त्या रेडिओला टोनचं एक बटण असे. उजवीकडे फिरवलं की आवाज चिरका, डावीकडे फिरवलं की गोल. आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत ते कायम डावीकडे असायचं. एखाद्या पोराने खेळता खेळता उजवीकडे नेलं तर वडील पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, ‘ते पहिल्यासारखं कर.’ 1955च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक गीत येत राहिलं. ते आमच्या आईवडिलांच्या पिढीने ऐकलं ते याच गोल आवाजात. 1957 साली विविध भारती सुरू झाली. सकाळची ‘संगीत सरिता’, त्याआधीची ‘भूले बिसरे गीत’, हे सगळं आम्ही त्या आवाजातच पचवलं, दात घासता घासता.

या गोडव्याची कारणं बघितली तर थोडं हसू येतं. मीडियम वेव्हच्या रेडिओवर साधारण पाच हजार कंपनांच्या वरचं काही पोचतच नसे. त्यात कागदी पडद्याचा सहा-आठ इंची स्पीकर, लाकडी खोकं, समोर सोनेरी जरीचं जाड कापड. सतारीच्या तारेची खण, घुंगरांची किणकिण, झांजेची धार, या सगळ्याला दारातच अडवलेलं. म्हणजे ज्याला आम्ही आजही ‘काय तो जुना आवाज!’ म्हणून उसासे टाकतो, त्यातला निम्मा गोडवा उणिवेचा होता. तरीही उसासा खोटा नाही. उरलेल्या निम्म्यात माणसाचा गळा होता, पूर्ण, जवळचा, न टोचणारा. आपलं संगीत मुळात गळ्याचंच. तो नीट आला की बाकीचं कमी-जास्त आपण चालवून घेतो.

पुढे फिएस्टा आला. एचएमव्हीचा रेकॉर्ड प्लेअर, पेटीसारखा बंद करून हातात धरून नेता येणारा. लग्नाला, मुंजीला, कोजागिरीला तो घरोघर फिरायचा आणि ज्याचा तो असे त्या काकांचा भाव त्या दिवशी वधारायचा.

खरी गंमत त्यानंतरची. स्टिरिओचं वारं आलं, पण परदेशी माल आपल्या आवाक्यात नव्हता. कलकत्त्याच्या सोनोडाइनचे, मुंबईच्या कॉस्मिकचे संच एखाद्या सुखवस्तू घरात दिसत. बाकीच्यांनी हात चालवले. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे स्पीकर मिळायचे. इंजिनियरिंगला असलेला चुलतभाऊ ते आणायचा, ओळखीचा सुतार प्लायवूडचं खोकं करून द्यायचा आणि आत भरायला गादीवाल्याकडचा कापूस. ज्यांना सुतारही परवडत नसे ते पाण्याच्या माठाच्या तोंडावर स्पीकर उताणा ठेवायचे. हसू नका, त्यात शास्त्र होतं. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागची हवा उलटी हलते. स्पीकर उघडा ठेवला तर पुढची आणि मागची लाट एकमेकींना गाठून खर्ज खाऊन टाकतात. माठ मागची लाट कोंडून ठेवायचा आणि खर्ज मोकळा व्हायचा. अडचण एवढीच की माठाला स्वतःचा एक सूर असतो. तबल्यावर ‘धा’ वाजो की ‘गे’, माठ आपलं ‘बुंऽ’ एवढंच म्हणायचा. घरातल्या बायकांना मात्र दुसरीच चिंता: उन्हाळ्यात पाणी कशात ठेवायचं?

मग आखातातून मामा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) घेऊन आले, मग डेक आले, आणि 1991च्या उदारीकरणानंतर तर दुकानांच्या काचा भरून गेल्या. खोक्यावर ‘1000 वॅट पीएमपीओ’. हा आकडा क्षणभराच्या उसळीचा, तोही विक्रेत्याच्या मर्जीने मोजलेला. प्रत्यक्षात त्यातून सलग निघणारी ताकद त्याच्या पासंगालाही पुरत नसे. आणि तेवढी लागते कुठे? बारा बाय पंधराच्या खोलीत आपण ऐकतो त्या आवाजाला बहुतेक वेळ दोन-चार वॅट पुरतात. ताकद दुप्पट केली तरी आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला थोडासाच फरक कळतो. पण आकड्यांची नशा वेगळी. त्यातच इक्वलायझरच्या त्या सरकत्या दांड्या. तेव्हा वयात आलेल्या प्रत्येक पोराने त्या कडेच्या वर आणि मधल्या खाली केल्या. आम्हीही केल्या, आमच्या पोरांनीही. खाली धमाका, वर सळसळ, आणि मधोमध जिथे गळा राहतो तिथे खड्डा. दोन गाणी झाली की स्वयंपाकघरातून हाक यायची: ‘अरे, कमी कर जरा!’

माझ्या मते स्पीकरची याहून चांगली परीक्षा कुठल्याच मासिकाला अजून सुचलेली नाही. ज्या स्पीकरवर घरातलं कुणी ‘कमी कर’ म्हणत नाही, तो चांगला.

आता आमची पिढी निवृत्त होऊन पुन्हा स्पीकर शोधायला निघाली आहे. मुलं परदेशी, वेळ हाताशी, फंडातले थोडे पैसे बाजूला काढलेले. दुकानात जावं तर विक्रेता झगमगीत ध्वनिमुद्रण लावतो: काचेवर पाऊस पडावा तशी झांज, पोटात गुद्दा मारणारा ढोल. पाच मिनिटं भुरळ पडते. घरी आणल्यावर मात्र तासाभरात कपाळ जड होतं. वरच्या टापूत मुद्दाम दिलेला हा उठाव दुकानात माल खपवतो आणि घरी बंद करायला लावतो. वयाचा एक धडा इथे लक्षात ठेवावा. साठीनंतर फार वरचे सूर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे झांज कमी वाटते आणि आपण ट्रेबल वाढवतो. पण दोन ते पाच हजारांतला टोचरेपणा त्या वयातही टोचतोच, कधीकधी तरुणपणापेक्षा जास्त.

गळ्यासाठी स्पीकर करणारी एक परंपरा इंग्लंडात बीबीसीच्या अभियंत्यांनी घडवली. निवेदकाचा खरा आवाज आणि स्पीकरमधून येणारा आवाज शेजारी शेजारी ऐकून ते जुळवणी करत. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसेल असा त्यांचा एलएस3/5ए हा चिमुकला स्पीकर सत्तरच्या दशकातला. पाच इंची पडदा, पोटात गुद्दा अजिबात नाही, पण माणूस समोर बसून बोलतोय असं वाटावं. तिथूनच बाहेर पडलेल्या माणसांनी स्पेंडर (1969) आणि हार्बेथ (1977) या कंपन्या काढल्या. किमती आपल्या खिशाच्या नाहीत, पण कानाला दिशा देतात. कमी किमतीतही रेशमी घुमटाचा ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर) आणि साधा लाकडी डबा असलेले सभ्य स्पीकर मिळतात. अर्थात धातूचा घुमट दिसला म्हणून पळूही नये. जोडणी नीट असेल तर तोही गोड बोलतो.

अति गोलही नको, हे आमच्या पिढीला जरा खडसावून सांगावं लागतं. आवाज इतका ऊबदार की भीमसेनजी विहिरीतून गाताहेत आणि तानपुऱ्याची जवारी, तारांचा तो झणकार, गायबच, असाही माल बाजारात आहे. म्हणून स्पीकर पारखताना तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण आधी लावावं. जवारी मोकळी, तरीही पत्र्यासारखी न वाजणारी हवी. मग लताबाईंचं पन्नासच्या दशकातलं, तारसप्तकात जाणारं एखादं मोनो ध्वनिमुद्रण. वरच्या सुरावर तुमचे खांदे आपोआप आखडले तर तो स्पीकर तिथेच ठेवून उठावं. मग हार्मोनियम आणि ‘स’, ‘श’ची अक्षरं, तीही न टोचणारी हवीत.

टोचणाऱ्या आवाजात निम्मा दोष मात्र खोलीचा. जुन्या घरांत गाद्या-तक्के होते, गोधड्यांची चळत होती, पुस्तकांचं उघडं कपाट होतं. आवाजाची धार हे सगळं मुकाट्याने गिळायचं. आताच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, काचेच्या सरकत्या खिडक्या, उघड्या भिंती. तिथे नारदाची वीणाही किरकिरेल. आधी जाड पडदे लावा, स्पीकरसमोर सतरंजी अंथरा. मग स्पीकर शोकेसच्या खणातून बाहेर काढून भिंतीपासून फूटभर पुढे, तिपाईवर, ट्वीटर कानाच्या उंचीला येईल असा ठेवा. कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर घुमतो. हे सगळं करून पाहिल्याशिवाय नवीन संचाला पैसे मोजू नका.

आणि दुकानात जाताना आपल्या ऐकण्यातली ध्वनिमुद्रणं बरोबर न्या, घरातल्या ‘कमी कर’ म्हणणाऱ्या माणसालाही न्या. अर्धा तास बसून ऐका आणि चार दिवस घरी लावून बघायला मागा. विक्रेता नाही म्हणाला तर शेजारचं दुकान उघडंच असतं.