लॅमिंग्टन रोड : सुट्या भागांची पेठ

पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्थानकावर उतरून पूर्वेकडे बाहेर पडले, की थोडे चालल्यावर रस्त्याचा रंगच बदलतो. वायरींची भेंडोळी, खोक्यांवर रचलेली खोकी, पाट्यांवर पाट्या आणि दोन हात रुंदीच्या दुकानात बसून भिंगातून सर्किट न्याहाळणारे कारागीर. हाच मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

कागदोपत्री त्याचे नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला जुने नावच लवकर कळते. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी झालेल्यांत हे लॅमिंग्टनही होते. नाव साहेबाचे राहिले, रस्ता मात्र पुरता मुंबईकरांचा झाला.

एके काळी हा रस्ता सिनेमावाल्यांचा होता. इथल्या मिनर्व्हा थिएटरात १९७५ साली ‘शोले’ लागला आणि पाच वर्षे उतरलाच नाही. ते थिएटर आज उभे नाही. रेडिओचे व्हॉल्व्ह, मग ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डरचे हेड आणि पुढे संगणकाचे भाग असा या पेठेचा माल बदलत गेला. ग्राहकाचा प्रश्न मात्र तोच राहिला : ‘टिकेल ना?’

इंदूरहून आलेले ग्राहक

हाच प्रश्न घेऊन एका मंगळवारी इंदूरचे एक मराठी गृहस्थ आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी इथे आली होती. नात्यातल्या लग्नासाठी अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई सेंट्रलला उतरायचे होतेच. त्यात एक सकाळ या खरेदीसाठी राखलेली.

त्यांच्या घरी कोपऱ्यात एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. घरातले सगळे फोटो, मुंजीची-लग्नाची चित्रफीत आणि कागदपत्रे त्यात साठवलेली. घरातला कोणीही आपल्या फोनवरून ती पाहू शकतो. यालाच घरचा सर्व्हर म्हणतात. त्यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आजीच्या ओव्या. आजी आता नाहीत. त्यांच्या आवाजाच्या कॅसेट मुलीने खपून संगणकात उतरवल्या होत्या.

मदरबोर्डवर डिस्क जोडायला चारच जागा. त्या भरल्यावर वडिलांनी दहा डिस्क जोडता येतील असे एक स्वस्त कार्ड घरबसल्या मागवले. महिनाभर ठीक चालले. मग मोठी फाईल उतरवताना दोन डिस्क अचानक दिसेनाशा झाल्या. ओव्या त्यातच होत्या. डिस्क काढून थेट मदरबोर्डला जोडल्या, तर दोन्ही धडधाकट! दोष डिस्कचा नव्हता, कार्डाचा होता. पण तोवरचे दोन दिवस घरात कोणाला जेवण गेले नव्हते.

दुकानदाराचे गणित

दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानात पांढऱ्या मिशांच्या दुकानदाराने ते कार्ड उलटेपालटे केले.

‘‘साहेब, हा एक दरवाजा आणि दहा माणसं,’’ तो म्हणाला.

त्याचे म्हणणे सोपे होते. कार्ड मदरबोर्डच्या ज्या खाचेत बसते तिला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात. तिच्या तिसऱ्या पिढीच्या एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे ९८५ मेगाबाइट माहिती जाते. साधी हार्ड डिस्क दीडशे ते अडीचशे मेगाबाइट मागते. म्हणजे एका मार्गिकेवर चार डिस्क सुखाने नांदतात. दहा डिस्क एकदम कामाला लागल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला शंभरही येत नाहीत. शिवाय दहा जोडण्या देणाऱ्या स्वस्त कार्डात मूळ चिप थोड्याच डिस्क सांभाळते. उरलेल्या पोर्ट मल्टिप्लायर नावाच्या दुसऱ्या चिपमार्फत वाटून दिलेल्या असतात. ती अडखळली, की तिच्यामागच्या सगळ्या डिस्क एकदम गायब.

‘‘मग एलएसआयचं दाखवा ना, काका,’’ मुलगी म्हणाली. तिने तयारी करून ठेवली होती.

दुकानदाराने कपाटातून एक जाडसर कार्ड काढले. मोठ्या सर्व्हरमधून उतरवलेले, आठ डिस्क थेट सांभाळणारे आणि आठ मार्गिकांचे. त्यातले रेडचे सॉफ्टवेअर बदलून ‘आयटी मोड’ घातला, की कार्ड मध्ये लुडबुड न करता डिस्क जशीच्या तशी संगणकाच्या हवाली करते. जाणकारांचा याच्यावर भरवसा असतो.

‘‘पण हे तापतं,’’ दुकानदाराने स्वतःच सांगितले. ‘‘सर्व्हरमध्ये जोराचा वारा असतो, त्याच्यासाठी बनलंय. घरी छोटा पंखा लावावा लागेल. आणि बाजारात नकलीही फिरतात. घ्याल तर तपासून घ्या.’’

‘‘तुमचा डबा ठेवलाय कुठे?’’ त्याने विचारले.

‘‘जिन्याखालच्या कपाटात,’’ वडील म्हणाले.

‘‘इंदूरच्या मे महिन्यात, जिन्याखाली?’’ दुकानदार हसला. ‘‘आणखी डिस्क किती लावायच्या?’’

‘‘चार.’’

मग त्याने तिसरे, लहानसे कार्ड पुढे ठेवले. एएसएम ११६६ चिपचे, दोन मार्गिकांचे, सहा डिस्क थेट सांभाळणारे. मल्टिप्लायर नाही, पंख्याची गरज नाही. मुलीने वहीत पाहिले. मदरबोर्डवर चार मार्गिकांची खाच मोकळी होती.

‘‘बाबा, एलएसआयचं नाव मोठं आहे,’’ ती अजून घुटमळत होती.

‘‘अगं, नाव मोठं, पण आपलं कपाट लहान,’’ वडील म्हणाले. सौदा झाला.

जाणाऱ्यांसाठी

ग्रँट रोडला धीमी लोकल थांबते. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचेही स्थानक झाले आहे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. दुकाने उघडायला अकरा वाजतात, म्हणून सकाळी फार लवकर जाऊ नये. मदरबोर्डचे नाव, मोकळ्या खाचा आणि डिस्कची संख्या लिहून न्यावी. कार्डावरील चिपचे नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि पक्के बिल घेतल्याशिवाय जिना उतरू नये. डिस्कला वीज देणारी जोडवायर स्वस्तातली, एकसंध प्लास्टिक ओतलेली नसावी. ती आतून जळण्याची भीती असते.

पायऱ्या उतरताना दुकानदाराने मागून हाक मारली, ‘‘ताई, आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवली का?’’

मुलीने मान हलवली. नव्हती.

त्यांनी परत वर येऊन एक बाहेरची डिस्क घेतली. आजीच्या ओव्या आता देवासला आत्याच्या कपाटातही असणार होत्या.