शिवनेरीवरचा राजबिंडा कैदी : एका नायकाची निराशाजनक कथा

१८११ साली इंग्लंडात ‘रीजन्सी’ सुरू झाली. त्याच वर्षी जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातला विलोबी देखणा आहे, गोडबोल्या आहे. मात्र ऐन कसोटीला तो प्रेयसीला सोडून पन्नास हजार पौंडांच्या वधूकडे वळतो. असा नायक त्याच काळात पुण्याच्या गादीवरही बसला होता. त्याच्या कथेचा आरंभ मात्र जुन्नरचा आहे.

राघोबादादा वारले तेव्हा बाजीराव अवघा आठ वर्षांचा होता. बापाची पापे लेकरांच्या माथी आली आणि नाना फडणविसांनी या कुटुंबाला नजरकैदेत ठेवले. १७९४ मध्ये बाजीराव, धाकटा चिमाजी आणि दत्तक बंधू अमृतराव यांची रवानगी शिवनेरीवर झाली. ज्या गडावर शिवराय जन्मले, तोच गड या तरुणाचा तुरुंग ठरला.

कैदी तरी कसा! ग्रँट डफने त्याचे वर्णन हात राखून केलेले नाही. बांधा डौलदार, चेहरा देखणा, वाणी मधाळ. घोडेस्वारी, तिरंदाजी, तलवार यांत तो निष्णात होता आणि शास्त्रांतही त्याची गती होती. पुण्यात लोक त्याच्याविषयी हळहळत.

त्यातच गुप्त पत्रव्यवहाराची भर पडली. बळवंतराव नागनाथ नावाच्या मध्यस्थाकरवी बाजीरावाने सवाई माधवरावांशी संधान बांधले. आपण शिवनेरीवर बंदिस्त, तर पेशवे पुण्यात पराधीन, असा त्याच्या निरोपाचा सूर होता. विशीतल्या पेशव्याच्या मनाला तो भिडला. नानांना हे कळताच बळवंतराव बेड्यांत पडले आणि कैद्यांवरचा पहारा कडक झाला. इथवर वाचकाचे मन पूर्णपणे बाजीरावाच्या बाजूने असते. त्यात वाचकाचा दोषही नाही.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारले. बाजीरावाने शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या यांच्याकडे मदत मागितली आणि त्या बदल्यात चार लाखांचा मुलूख कबूल केला. नानांनी तातडीने डाव फिरवला व परशुरामभाऊ पटवर्धनांना शिवनेरीला धाडले. बाजीरावाचा विश्वास बसेना. अखेर भाऊंनी गाईचे शेपूट हाती धरून गोदावरीची शपथ वाहिली, तेव्हा तो गड उतरला. अमृतरावांचा सल्ला वेगळा होता. बाळोबांना दिलेला शब्द गडावरच राहिला.

कथेचा सांधा येथे निखळतो. स्वतःसाठी गाईची शपथ मागणाऱ्याला आपण दिलेल्या वचनाचे ओझे वाटले नाही. कैदेने त्याला संशय शिकवला असेल; परंतु पुढे जे घडले त्याला तेवढे कारण पुरत नाही.

डिसेंबर १७९६ मध्ये तो पेशवा झाला. साधारण वर्षभराने, त्याच्या संमतीने, शिंद्यांच्या छावणीत नाना कैद झाले. शिंद्यांना कबूल केलेले दोन कोटी रुपये तिजोरीत नव्हते, म्हणून सर्जेराव घाटग्यांना पुणेकरांकडून वसुलीची मोकळीक मिळाली. सावकार, ब्राह्मण, जुने कारभारी, कोणाचीही सुटका झाली नाही. एके काळी त्याच्यासाठी हळहळलेले हेच ते शहर होते! १८०१ मध्ये विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देण्यात आले, तेही त्याच्या डोळ्यांदेखत. पुढच्या वर्षी वसईचा तह झाला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई बापू गोखले लढले; पेशवा पर्वतीवरून पाहत होता. त्यानंतर पळापळ सुरू झाली. माहुली, पंढरपूर असा फेरा घेत डिसेंबरात तो जुन्नरच्या उत्तरेकडील डोंगरांत, ब्राह्मणवाड्याच्या बाजूला आला. त्र्यंबकजी डेंगळे कुमक घेऊन तेथे त्याला मिळाले. शिवनेरी जवळच होता आणि अजून मराठ्यांच्याच ताब्यात होता. मात्र जनरल स्मिथ जवळ येताच बाजीराव आंबेगावचा मुलूख मागे टाकून खेड-चाकणच्या दिशेने निघाला. एकवीस वर्षांपूर्वी पेशवेपद घ्यायला तो याच बाजूने पुण्याकडे गेला होता.

फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीला बापू गोखले पडले. पेशवा निसटला होता. जूनमध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला, सालीना आठ लाखांच्या तनख्यावर. शिवनेरी आणि आसपासचे गड त्याआधीच उन्हाळ्यात इंग्रजांकडे गेले होते. बाजीराव मात्र ब्रह्मावर्ती, बिठूरला, १८५१ पर्यंत जगला.