ताळेबंदात न आलेलं

महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयींविषयी एक प्रश्न असतो. रॅम्प किंवा लिफ्ट, वापरता येईल असं स्वच्छतागृह, दिशा दाखवणारे फलक आणि स्पर्शपट्ट्या, स्क्रीन रीडर, वाचक-लेखनिकाची मदत. यांतलं काय काय आहे त्यावर खूण करायची आणि पुराव्याला जिओटॅग केलेले फोटो जोडायचे. फोटोत अक्षांश-रेखांश येतात, तारीख येते. उतार मात्र येत नाही. उताराचं गणित साधं आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंची तीन पायऱ्या असतील तर अठरा फुटी रॅम्प हवा. पायऱ्यांच्या कडेला उरलेल्या सहा-सात फुटांत तो बसवला, तर स्वतः चाकं फिरवत येणाऱ्याला तो चढता येत नाही. मागून कुणीतरी रेटावं लागतं आणि उतरताना खुर्ची पाठमोरी धरून आणावी लागते. फोटोत दोन्ही रॅम्प सारखेच दिसतात आणि गुणही सारखेच मिळतात.

निकष असावाच. तो आला म्हणून कित्येक महाविद्यालयांत पहिल्यांदा रॅम्प झाले, हे मी पाहिलं आहे. माझी मागणी एवढीच की फोटोसोबत लांबी-उंचीची मापं मागावीत आणि त्या आवारात रोज वावरणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची सही घ्यावी.

*

ऑस्ट्रियानं 2002 च्या विद्यापीठ कायद्यात सरकारी विद्यापीठांना ज्ञानाचा ताळेबंद मांडणं सक्तीचं केलं. ‘व्हिसेन्सबिलान्स’ म्हणतात त्याला. पैशाचा जमाखर्च जसा मांडतात तसा विद्यापीठाच्या बौद्धिक भांडवलाचा. मूळ कल्पना उद्योगातली. स्कँडिया या स्वीडिश विमा कंपनीनं 1994 मध्ये वार्षिक अहवालाला अशी पुरवणी जोडली होती आणि लेइफ एडविन्सन यांनी ती कल्पना पुढे रुजवली. अशा ताळेबंदात तीन कप्पे असतात. एक, माणसांच्या डोक्यात आणि हातात असलेलं ज्ञान. दुसरं, संस्थेच्या घडणीत मुरलेलं: नोंदी, पद्धती, संग्रह, प्रयोगशाळा, नियम. तिसरं, बाहेरच्या माणसांशी आणि संस्थांशी जुळलेली नाती.

ऑस्ट्रियातही हे सुरळीत झालं नाही. निर्देशकांची यादी फार वाढली, नियमावली पुन्हा पुन्हा लिहावी लागली. तरी ही तीन कप्प्यांची मांडणी मला फार उपयोगाची वाटते, कारण तिच्यामुळे एक गोष्ट लख्ख दिसते. सर्वांना सोबत घेऊन शिकवायचं कसं, याचं आपल्या महाविद्यालयांतलं जवळजवळ सगळं ज्ञान पहिल्या कप्प्यात आहे. ते माणसाबरोबर येतं आणि माणसाबरोबर निघून जातं.

*

एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, होत्या. वर्गात एक पूर्ण दृष्टिहीन मुलगा. प्रसामान्य वक्र त्याला कसा दाखवायचा? त्यांनी जाड कार्डशीट घेतली, अक्षांच्या जागी सुतळी चिकटवली, वक्रासाठी लोकर आणि मध्याच्या ठिकाणी शर्टाचं बटण. मुलाची बोटं डावीकडून उजवीकडे गेली, बटणापाशी थांबली, पुन्हा उलटी आली. मग त्यानं विचारलं, “मॅडम, ही दोन्ही टोकं सुतळीला कधीच टेकणार नाहीत का?” वक्राच्या शेपट्या अक्षाला मिळत नाहीत, हा त्या वक्राचा गाभा. फळ्यावर वर्षानुवर्षं वक्र काढूनही डोळस मुलांकडून हा प्रश्न क्वचितच येतो.

मॅडमनी नंतर विचलनासाठी वेगवेगळ्या जाडीच्या लोकरी वापरल्या, स्तंभालेखासाठी आइस्क्रीमच्या काड्या. पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही आणि त्या दुसरीकडे गेल्या. कार्डशीट कपाटावर पडून राहिल्या आणि एका साफसफाईत गेल्या. त्यानंतर आलेल्या दृष्टिहीन विद्यार्थिनीला आलेखाचे प्रश्न वगळून पर्यायी प्रश्न दिले गेले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. पण ती मुलगी त्या वक्राला मुकली, आणि हे कुठल्याही अहवालात आलं नाही.

तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांविषयी आपण बोलतो ते मानधनाच्या आणि न्यायाच्या अंगानं, आणि तसं बोललंच पाहिजे. त्याच्या जोडीला हा तोटाही मांडायला हवा: दर जूनला संस्थेची स्मृती पुसली जाते.

*

उच्च शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीची, म्हणजे एनआयआरएफची, पहिली यादी 2016 साली आली. पाच शीर्षकं: अध्यापन व साधनं, संशोधन, पदवीनंतरची फलश्रुती, समावेशकता, आणि लोकांच्या मनातली प्रतिमा. विद्यापीठांसाठी ठरलेल्या भारांकात संशोधनाला शंभरातले 30, समावेशकतेला 10. त्या दहातला पाचवा हिस्सा दिव्यांगांच्या सोयींना. म्हणजे शंभरात दोन.

स्त्रियांच्या प्रमाणासाठी विद्यार्थिनी 50 टक्के आणि अध्यापिका 20 टक्के असल्या की पूर्ण गुण. पाचात एक अध्यापिका असली की संपूर्ण झालं, हे कुणी आणि का ठरवलं असेल? महाराष्ट्रातल्या कुठल्याही कला महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये डोकावलं तरी ही रेघ किती खाली ओढली आहे ते कळतं.

दोनाचे चार करा, एवढंच माझं म्हणणं नाही. माझा आक्षेप एनआयआरएफच्या कप्प्यांना आहे. लोकरीचा वक्र हे अध्यापन आहे, संशोधन आहे, साधननिर्मिती आहे. तो ‘समावेशकता’ या खणात टाकला की परोपकार ठरतो आणि ‘संशोधन’ हा खण त्याच्याशिवायच भरला जातो.

*

त्या संशोधनाच्या खणात मोजणी होते ती मुख्यतः स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधल्या लेखांची. गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलांना मराठी माध्यमात काय अडतं, यावर कुणी मराठीत नेटका अभ्यास लिहिला आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांनी तो वाचून वापरला, तर या मोजणीत त्याची किंमत शून्य.

*

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार 2021-22 मध्ये देशात 4.33 कोटी विद्यार्थी होते. त्यांत दिव्यांग लाखाच्याही आत, म्हणजे हजारी दोनेक. 2011 च्या जनगणनेत दिव्यांगांचं प्रमाण 2.21 टक्के होतं, म्हणजे हजारी बावीस. 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्या. हजारी पन्नास जागा, येणारे दोन. मधली मुलं कुठं थांबली? काही दहावीतच, काही अकरावीला विज्ञान नाकारलं गेलं तिथं, काही तालुक्याच्या एसटीच्या पायरीशी. विद्यापीठाचं मूल्यमापन दारातून आत आलेल्यांना मोजतं.

*

फॉन्ट. हा विषय कुणाला क्षुल्लक वाटेल, पण मराठी विद्यार्थ्यासाठी तो रॅम्पपेक्षा मोठा आहे.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. अट एकच: मजकूर युनिकोडमध्ये हवा. आपल्याकडच्या नोट्स, प्रश्नपेढ्या, अभ्यासमंडळाचे मसुदे वर्षानुवर्षं श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप झाले. डोळ्यांना ‘समाजशास्त्र’ दिसतं, पण संगणकाच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं असतात. यंत्र तीच वाचतं. एम.ए.च्या एका विद्यार्थ्याच्या शेजारी बसून मी हे ऐकलं. हेडफोनचं एक टोक त्यानं माझ्या कानात दिलं. ब्रॅकेट, डॉलर, स्लॅश, मध्येच एखादं इंग्रजी व्यंजन, पुन्हा डॉलर. पानभर तेच. तो शांतपणे डाउन अॅरो दाबत राहिला, कारण पुढे कुठंतरी युनिकोडमधला परिच्छेद लागेल अशी त्याला आशा होती. स्कॅन केलेल्या पीडीएफची तर आणखी वेगळी तऱ्हा: तिथं यंत्र काहीच बोलत नाही.

कायद्याची आडकाठी उरलेली नाही. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी पुस्तकांचं रूप बदलायला मोकळीक दिली. दृष्टिबाधितांच्या वाचनहक्काच्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच, 2014 साली. उरलं आहे ते काम आपल्याच टेबलांवरचं, फाइली युनिकोडमध्ये आणण्याचं.

*

परीक्षा. तीन तासांच्या पेपरला लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे एक तास. अकराचा पेपर दोनला सुटतो, त्याचा तीनला. दोन वाजता बाकीचे ब्लॉक रिकामे होतात, व्हरांड्यात उत्तरांची चर्चा सुरू होते, शिपायांची गठ्ठे बांधायची घाई. विद्यार्थी उत्तर सांगतो आहे, लेखनिक लिहितो आहे. अर्थशास्त्रातली ‘लवचिकता’ लेखनिकानं कधी ऐकलेली नसेल तर तो थबकतो, विद्यार्थी अक्षरं फोडून सांगतो, आणि जादा मिळालेली मिनिटं तिथं खर्च होतात.

चांगले लेखनिक कोण, कुणाचं अक्षर सुवाच्य, कुणाला संज्ञा कळतात, परीक्षेच्या आदल्या रात्री फोन केला तरी कोण येईल, ही सगळी माहिती एका लिपिकाच्या मोबाइलमध्ये होती. ते निवृत्त झाले. त्या वर्षी ऑक्टोबरच्या परीक्षेत दोन मुलं लेखनिकाशिवाय वर्गाबाहेर उभी होती. एडविन्सन यांच्या भाषेत हे नात्यांचं भांडवल, आणि ते एका सिमकार्डावर होतं.

11 फेब्रुवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार यांच्या खटल्यात निर्णय दिला. लिहिताना हात आखडण्याचा त्यांचा विकार, दिव्यांगत्वाच्या 40 टक्क्यांच्या मोजमापात न बसणारा. म्हणून यूपीएससीनं लेखनिक नाकारला होता. न्यायालयानं सांगितलं की लेखनिकासाठी ती टक्केवारी आवश्यक नाही. परीक्षा विभागांनी हा निकाल खिडकीवर लावून ठेवावा. 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र आणा म्हणून मुलांना अजून परत पाठवलं जातं.

*

1950 साली औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू झालं. पुढे त्याचं नाव मिलिंद. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटून दोनच वर्षं झालेली. येणारी मुलं घराण्यातली पहिली शिकणारी, इंग्रजी कच्चं, अंगावरचे कपडे तेवढेच. तेव्हा नॅक असती (ती स्थापन झाली 1994 मध्ये) तर कुठल्या रकान्यात काय भरलं असतं?

पण महाविद्यालयाच्या त्या आवारात, नागसेनवनात, काय घडत होतं ते पाहा. प्राचार्य म. भि. चिटणीस विद्यार्थ्यांसाठी ‘युगयात्रा’ नाटक लिहीत होते. पुढे गंगाधर पानतावणे तिथं शिकवू लागले, आणि त्यांचं ‘अस्मितादर्श’ नियतकालिक दलित लेखकांच्या पिढ्यांचं घर झालं. मराठी साहित्याला जे जगणं ठाऊकच नव्हतं ते या वाटेनं साहित्यात आलं. ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांना आत घेतल्यामुळे नवं ज्ञान निर्माण झालं. समावेशन आणि बौद्धिक भांडवल या दोन गोष्टी मी वेगळ्या मानत नाही, त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा माझ्याकडे हा आहे.

सुखदेव थोरात याच मिलिंदचे विद्यार्थी. यूजीसीचे अध्यक्ष असताना दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी त्यांच्या समितीनं केली, अहवाल 2007 चा. तो वाचताना जाणवतं की प्रवेशाच्या आकड्यांत काही कळत नाही. कळतं ते वसतिगृहाच्या मजल्यावर, मेसच्या टेबलावर, तोंडी परीक्षेच्या खोलीत. या जागा आजच्या कुठल्या निर्देशकात येतात?

*

महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं. मातृभाषेतून उच्च शिक्षण, तेही बायकांना. कायद्यानं मान्यता 1951 मध्ये मिळाली. ओळख पटायला पस्तीस वर्षं लागली.

*

चांगलंही लिहून ठेवतो. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र 2003 पासून आहे. स्वतः दृष्टिबाधित असलेले सॅम तारापोरवाला तिथं समाजशास्त्र शिकवत आणि केंद्र चालवत. हे केंद्र विद्यार्थ्यांच्या पुस्तकांपुरतं थांबलं नाही. कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीसाठी केंद्रानं काम केलं, बँकांची एटीएम यंत्रं बोलती व्हावीत म्हणून केलं. एका महाविद्यालयात साठलेलं ज्ञान कायद्यापर्यंत आणि रस्त्यावरच्या यंत्रापर्यंत गेलं. ते एका माणसाच्या उत्साहावर न राहता केंद्राच्या पद्धतींत मुरलं, म्हणून हे होऊ शकलं.

*

नॅक आता ‘मान्यता आहे किंवा नाही’ अशा दोनच निकालांकडे वळत आहे. श्रेणीची चढाओढ कमी होईल, चांगलंच. पण उंबरठा एकच राहिला तर त्याच्या आत काय मागितलं जातं याला दुप्पट महत्त्व येतं. माझ्या मते तिथं दोन प्रश्न हवेत. तुमच्याकडे शिकलेल्या दिव्यांग, पहिल्या पिढीच्या, आदिवासी विद्यार्थ्यांमुळे तुमच्या शिकवण्यात काय बदललं? आणि तो बदल करणारी व्यक्ती उद्या गेली तर तो कुठं लिहून ठेवलेला आहे?

*

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधत ग्रंथपालांशी बोललो. स्पर्शआलेख, उठावाचे नकाशे, युनिकोडमध्ये आणलेल्या नोट्स यांना पुस्तकांसारखाच दाखल क्रमांक द्यायला त्यांची तयारी आहे. दाखल क्रमांक पडला की वस्तू साठा तपासणीत येते आणि साफसफाईत जाऊ शकत नाही. लेखनिकांची यादी परीक्षा विभागाच्या रजिस्टरमध्ये, दर सत्राला अद्ययावत, त्यांच्याच संमतीनं. संख्याशास्त्राच्या त्या मॅडमना फोन केला होता. त्या दिवाळीच्या सुटीत येऊन आलेखांचा पूर्ण संच पुन्हा करून देणार आहेत, कृती लिहून ठेवणार आहेत, आणि या कामाचं मानधन त्यांना द्यायचं ठरलं आहे. शीट उभ्या ठेवल्या की लोकर सुटते, म्हणून कपाट आडव्या खणांचं हवं. त्याची कोटेशन्स मागवली आहेत.