हृदयातल्या आडवाटा

लाइपझिगचा शरीररचनाशास्त्रज्ञ वेर्नर स्पॅल्टेहोल्त्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मृत हृदयं आरपार दिसतील अशी करी. धमन्यांत रंग भरायचा, मग हृदय द्रावणांत मुरवत ठेवायचं. स्नायू नजरेआड होई आणि उरे तो नुसता रंगीत वाहिन्यांचा पसारा. त्यात डाव्या धमनीच्या फांद्या उजवीच्या फांद्यांना भेटलेल्या दिसत. हृदयाची प्रत्येक धमनी आपल्या टोकाशी एकटीच संपते, असं ठासून सांगणारे मोठे विद्वान त्याआधी होऊन गेले होते. आणि रिचर्ड लोअर या इंग्लिश वैद्यानं तर 1669 मध्येच लिहून ठेवलं होतं की, एका धमनीत सोडलेला द्रव दुसरीतही पसरतो! पाहिलेलं विसरायला माणसाला फार वेळ लागत नाही.

या जोडवाहिन्या जन्मापासूनच असतात. इतक्या बारीक, की निरोगी हृदयाच्या अँजिओग्राफीत बहुधा दिसतच नाहीत. घाटरस्ता वाहता असतो तोवर रानातल्या पायवाटेकडे कोण बघतो? पण मुख्य धमनी वर्षानुवर्षं चरबीनं अरुंद होत गेली की तिच्या पलीकडचा दाब उतरतो. त्या उताराकडे रक्त आडवाटेनं जोरात धावू लागतं. त्याचं घासत जाणं वाहिनीच्या आतल्या अस्तराला कळतं. अस्तर पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं, जुनी भिंत उसवली जाते, नवा स्नायू चढतो, आणि काही आठवड्यांत ती वाहिनी कितीतरी रुंद होते. कुठून हुकूम सुटत नाही. वाहणारं रक्तच वाट घडवतं. मला यासमोर हात जोडावेसे वाटतात.

हे देणं मात्र सारखं वाटलेलं नाही. गिनीपिगच्या हृदयात जोडवाहिन्या इतक्या दाट, की एखादी धमनी बांधली तरी स्नायू मरत नाही. डुकराच्या हृदयात त्या जवळजवळ नसतातच. माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, आणि माणसामाणसांतही मोठा फरक.

झटका येतो तेव्हा हा फरक उघडा पडतो. गुठळी अचानक धमनी बंद करते. स्नायू आतल्या थरापासून मरू लागतो आणि मरण तासातासानं बाहेरच्या थराकडे सरकतं. वाट रुंद करायला लागणारे आठवडे आता कुणाकडे असतात! जी आधीच वाहती असेल तीच कामाची. म्हणून फारसं ब्लॉकेज नसलेल्या तरुणाचा पहिलाच झटका मोठा घाव करून जातो, तर वर्षभर चढावर छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्याचा स्नायू कधी कधी अधिक वाचतो. कॅथलॅबच्या पडद्यावर उजव्या धमनीत सोडलेला रंग हृदयाच्या मधल्या भिंतीतून डावीच्या बंद फांदीत उलटा शिरताना दिसतो, तेव्हा डॉक्टरांना थोडी सवड मिळाल्याची ती खूण असते. सवडच; बलून आणि स्टेंटची घाई त्यानं टळत नाही. हृदयरोग्यांवरच्या बारा अभ्यासांचा 2012 मध्ये एकत्र हिशेब झाला. चांगल्या जोडवाहिन्या असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे 36 टक्क्यांनी कमी आढळला.

मुख्य वाट मोकळी झाली की दाबातला फरक मिटतो आणि आडवाटेचा ओघ लगेच मंदावतो. स्टेंट पुढे कधी बंद पडला, तर तीच वाट पहिल्याइतकी तत्काळ वाहील याची हमी नसते.