बटणाखालची हवा

लहानपणी घरात पितळी स्टो होता. पंप मारला की टाकीत हवा कोंडायची, हवा रॉकेलला वर ढकलायची. चावी सैल केली की फुस्सकन ज्योत विझायची. विस्कॉन्सिनमधल्या माझ्या गॅरेजात १९५० च्या दशकातल्या जॉन्सन आउटबोर्ड इंजिनाची टाकी पहिल्यांदा उघडली, तेव्हा ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं.

जॉन्सनने १९४९ साली दहा हॉर्सपॉवरच्या क्यूडी इंजिनाबरोबर सहा गॅलनची सुटी टाकी दिली. इंजिनावर पेट्रोलचा पंपच नाही! पिस्टन खाली येताना क्रँककेसमध्ये होणारा दाब एका नळीतून टाकीत जातो आणि दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर येतं. थोडक्यात, स्टोला पंप मारायचं काम इंजिनच करतं. पण थंड इंजिन दाब कुठून आणणार? त्यासाठी टाकीच्या डोक्यावर बटण असतं. खाली स्प्रिंग, रबरी पडदा आणि पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या झडपा. दाबत राहायचं, बटण जड लागलं की कार्ब्युरेटर भरला.

गेल्या उन्हाळ्यात शेजारी आला. इंजिन मिनिटभर चालून मरत होतं आणि कार्ब्युरेटर दोनदा साफ करून झाला होता. बिचारा कार्ब्युरेटर! मी एवढंच विचारलं, "बटण दाबत राहिलं तर चालू राहतं?" राहत होतं. म्हणजे टाकी दाब धरत नव्हती.

शिवाय बटणाभोवती पेट्रोलचा ओलावा होता. टाकी रिकामी करून अंगणात, मोकळ्या हवेत ठेवली. स्क्रू गंजलेले, त्यांना तेल पाजून रात्रभर तसंच सोडलं. इथे घाई केली की स्क्रूचं डोकं तुटतं आणि अर्धा दिवस ड्रिलपाशी जातो. पडदा निघाला तो उन्हात वाळलेल्या चपलेच्या पट्ट्यासारखा, कडेला चिरलेला. नवा घेताना हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात टिकणाराच घ्यावा. झडपेची बैठक मात्र स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. केसाएवढा ओरखडाही पुरतो, पेट्रोल परत टाकीत उतरतं. खालचं बुचाचं गॅस्केट हातात भुगा झालं, तेही बदललं. तळाशी जाणाऱ्या नळीची जाळी धुतली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले.

इंजिन चालू केलं, सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, तर बुडबुडे झाकणापाशी! भरायच्या झाकणातली रबरी चकती कडक झाली होती. तिच्याकडे मीही पाहिलं नव्हतं.

पुष्कळ जण ही भानगडच काढून इंजिनावर पंप बसवतात. नळी फुटली तर दाबाखालच्या पेट्रोलचा फवारा उडतो, म्हणून त्यांच्याशी मी वाद घालत नाही. होडीत पोरं बसणार असती तर मीही तेच केलं असतं. माझ्याकडे मात्र मूळ टाकीच आहे. नळ्या तेवढ्या नव्या.

तळ्यावर फेरी मारून आल्यावर शेजाऱ्याने झाकण सैल केलं. फुस्स झालं आणि तो दचकून मागे सरला.

"गळतंय का परत?"

"नाही. आता गळत नाही, म्हणून आवाज आला."