चौकटीत न मावणारे हात

आज जुनी रेकॉर्डिंग्ज चाळताना २०२० सालचे ऑनलाइन वर्ग पुन्हा पाहिले. कर्णबधिर मुलांना शिकवायचं म्हणजे बाईंचा चेहरा, ओठ आणि दोन्ही हात एकाच वेळी दिसायला हवेत. मोबाइलच्या उभ्या चौकटीत ते मावतात कुठे? ‘पाऊस’ दाखवायला हात डोक्याच्या वर नेले, की बोटं गायब. रेंज गेली की खूण अर्ध्यावरच गोठायची. ऐकू येणारं मूल निदान आवाजावरून वाक्य जुळवून घेतं. इथे सगळी भिस्त चित्रावर. शेवटी फोन आडवा करून डब्यांच्या चळतीला टेकवला, मागे गडद चादर लावली, खिडकीकडे तोंड करून बसले. तेव्हा कुठे समोरच्या माना हलायला लागल्या.

एक मात्र खरं, रेकॉर्ड केलेला धडा मुलं हवा तितक्यांदा पाहत. एक मुलगी तर व्हिडिओ थांबवून माझ्या बोटांची नक्कल करायची. वर्गात मी इतकी कुठे थांबते! पण तिच्या घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जायचा. आणि आईला खुणांची भाषा येत नसेल, तर शंका विचारायची कुणाला?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पाठ्यपुस्तकं भारतीय सांकेतिक भाषेत आणण्याचा करार एनसीईआरटीने केला, तोही चांगलाच. पण ही भाषा पालकांना शिकवणारे संध्याकाळचे वर्ग प्रत्येक शाळेने आधी काढावेत. ते ऑनलाइन घेतले तरी चालतील.